वाऱ्याच्या खालच्या अंगाला

फिनेलचा वास ज्याच्या अंगाला येतो त्याला स्वतःला तो येत नाही. मला तो कळला चहाच्या दुकानात. गावात चहाचं दुकान एकच आणि दुकानात बाक एकच. मी जाऊन बसलो की बाकावरची माणसं उठायची. मला वाटायचं, सरकारी माणूस म्हणून मान देतात. दीड महिना मी हा मान ताठ बसून घेतला. मग एके दिवशी दुकानदार चहा गाळता गाळता म्हणाला, "राग मानू नगा सलोत्री, पर तुमी त्या समोरच्या पारावर बसत जावा. दुदाला लगीच वास धरतोय."

त्या दिवसापासून मी लिंबाच्या पारावर एकटा बसून चहा पिऊ लागलो.

निजामाचं राज्य होतं आणि दूर कुठंतरी लढाई चालली होती. तुळजापूरपासून एका दिवसाच्या चालीवर, माळावरच्या त्या गावात जनावरांचा सरकारी दवाखाना होता. दोन खोल्या, एक पडवी, एक चपराशी आणि मी. मी खरा सलोत्री नव्हे, म्हणजे जनावरांचा डॉक्टर नव्हे. मी नुसता कंपौंडर. खरे सलोत्री साहेब तालुक्याला बसत, दोन-अडीच महिन्यांनी येत, रजिस्टरावर दस्तखत करत आणि परत जात. पण एवढा बारीक फरक करायची गावाला गरज वाटली नाही. ज्याच्या हातात बाटली तो सलोत्री. दारावर उर्दूत पाटी होती, 'शिफाखाना हैवानात'. उर्दूत हैवान म्हणजे साधं जनावर. आपल्याकडे हैवान म्हणजे काय ते सांगायला नको. चपराशानं हौसेनं ती पाटी गावाला वाचून दाखवली आणि तेव्हापासून लेकुरवाळ्या बायका दवाखान्यापुढून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जाऊ लागल्या.

माझं घर सरहद्दीकडच्या एका पेठेच्या गावी, जिथं सौदा मराठीत होतो आणि भांडण कानडीत. आम्ही लिंगायत वाणी. वडिलांचं दुकान थोरल्या भावापुरतं होतं, म्हणून मी उर्दू शाळेच्या जोरावर नोकरी धरली. ही नोकरी जनावरांच्या जखमांतले किडे काढायची आहे, हे घरात कुणी तोंडानं बोलत नसे. मात्र मी तातीलीला, म्हणजे सुट्टीला, घरी गेलो की अव्वा, म्हणजे माझी आई, मला मागल्या दारी उभं करायची, अंगावर दोन घागरी पाणी ओतायची, कपडे बाहेरच्या दोरीवर टाकायला लावायची आणि मग म्हणायची, "बा." कानडीत बा म्हणजे ये. तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवाळीत मला बघायला आलेले पाहुणे जेवले, पान खाल्लं आणि नाकाला उपरणं लावून निघून गेले. त्यानंतर मी घरी जाणं कमी केलं.

मला एकटं वाटायचं. तेव्हा हे कुणाला सांगायची लाज वाटली असती, आता लिहायला वाटत नाही. दिवसभरात माणसाशी बोलायचं म्हणजे चपराशाशी, आणि तोही दुपारनंतर शेतावर जायचा. कधी कधी मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायचो. आवाज आपलाच असला तरी कानाला बरं वाटायचं.

दवाखान्यात बैल यायचे, क्वचित म्हैस यायची. मेंढरू कधी येत नसे. माळावर हजारानं मेंढरं होती, पावसाळ्यात त्यांना माश्यांचा त्रास होता, आणि तरी येत नसे. याचं कारण मला उशिरा कळलं. तिकडे सगळ्यात वाईट शिवी म्हणजे 'तुझ्या अंगात किडे पडतील'. तेव्हा मेंढीच्या अंगात खरोखरच किडे पडले, की धनगराला वाटायचं, कुणाचा तरी तळतळाट लागला. मग तो ती मेंढी लपवायचा. लोकर भिजून शेपटाखाली शेणानं चिकट झाली, की हिरवी चकचकीत माशी तिथं बसते. दोन दिवसांत आत किडे वळवळू लागतात. मेंढी कळपापासून बाजूला उभी राहते, पाय आपटते, मान वळवून शेपटाकडे बघत राहते. ओरडत नाही. मेंढरू दुखण्याला ओरडतच नाही, आणि त्यामुळे बघणाऱ्याला जास्त लागतं.

अशा दिवसांत, श्रावणात, एक धनगरीण एडका घेऊन दवाखान्याच्या दारात आली. वय साठीच्या आसपास, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. एकुलती लेक बार्शीकडे, म्हणजे इंग्रजी मुलखात दिलेली. मध्ये सरकारचा नाका, येणंजाणं अवघड. तीसेक मेंढरं ती एकटी राखत होती. एडक्यानं टक्कर खेळून शिंगाच्या मुळाशी जखम करून घेतली होती आणि जखमेत किडे होते. तळतळाटाचं तिला भय नसावं. ती सरळ म्हणाली, "किडं पडल्यात. तुमच्याकडं काय काय हाय ते आदी दावा."

मी बाटल्या मांडल्या. फिनेल, टर्पेंटाइन, कापूर, बोरिकची पूड. तिनं एकेक बाटली उघडून हुंगली. फिनेलवर मात्र तिनं बूच ताबडतोब लावलं.

"ह्येनं किडं मरत्याल," ती म्हणाली. "मास बी मरंल."

मी चिडलो. मी तसा चिडकाच, आणि शाळेत शिकलेल्या माणसाला न शिकलेल्यानं शिकवलं की जास्तच. म्हणालो, "मावशी, हे सरकारी औषध आहे. विलायतेत हेच वापरतात."

"वापरू द्या की," ती म्हणाली. "माजा एडका हितला हाय."

शेवटी आमची तडजोड झाली. तिनं आधी कात्रीनं जखमेभोवतीची लोकर बोटभर लांबपर्यंत कापली. 'आदी कात्री, मग औषद' हे तिचं पहिलं आणि शेवटचं शास्त्र. मग मी टर्पेंटाइनचे थेंब सोडले. त्यानं किडे गुदमरून वर येतात. ते मी चिमट्यानं काढले. मग तिनं कनवटीची डबी काढून तिच्यातलं तेल जखमेच्या कडेनं लावलं. करंजाचं तेल, त्यात कापूर खललेला. त्या वासानं पुन्हा माशी बसत नाही. आठ दिवसांत जखम भरली. एडका पुन्हा टकरा घ्यायला मोकळा झाला आणि मी तिच्या मेंढवाड्यावर जायला लागलो.

सांगायला कारण औषधाचं होतं. खरं कारण, बोलायला माणूस मिळालं होतं.

मेंढवाडा गावापासून पाव कोसावर, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला. पहिल्याच दिवशी मी आत शिरायला लागलो तर तिनं काठी आडवी धरली. "तुमी तकडं बसा," ती म्हणाली, "त्या दगडावर. वाऱ्याच्या खालच्या अंगाला." म्हणजे मेंढ्यांवरून वारा माझ्याकडे येईल, माझ्यावरून मेंढ्यांकडे जाणार नाही, अशा बाजूला. "मेंढ्या वासानं बुजत्यात."

माझ्या मनात आलं, इथंही पारच. माणसं चहाचं नाव सांगतात, ही मेंढ्यांचं सांगते. ते मी मनात धरून ठेवलं. एक गोष्ट मी तेव्हा पाहिली नाही. काम संपलं की ती स्वतः येऊन माझ्याच शेजारी, त्याच दगडाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. चहाच्या दुकानातून उठून पारावर माझ्याजवळ कुणी कधी आलं नव्हतं. पण माणूस दुखावला की त्याला आपल्या सोयीचं तेवढंच दिसतं.

श्रावण, भादवा असे आमच्या वादात गेले. तंबाखू आणि चुना किडे मारतो, पण मेंढीनं चाटलं तर तिच्या तोंडाला फेस येतो. सीताफळाचा पाला वाटून भरला तर गुण चांगला, बियांची पूड त्याहून जालीम, पण ती डोळ्यात गेली तर डोळा जातो. शिंगाजवळ वापरायची नाही. लिंबाच्या पाल्याचा धूर माश्या उठवतो, पण धूर संपला की माश्या परत. मी प्रत्येक वेळी शेवटी फिनेलवर येत असे. लढाईमुळे टर्पेंटाइन येणं बंद झालं होतं, कापूर संपत आला होता, फिनेलचा मात्र मोठा डबा शिल्लक होता. ज्याच्याकडे जे उरतं त्याचं तो गुणगान करतो.

"फिनेल काय वाईट न्हाय," ती एकदा म्हणाली. "मोरीत टाकावं."

मला हसू आलं. त्या गावात मी हसलो ते बहुतेक तिथंच.

तिच्या कळपात कान फाटलेली एक म्हातारी मेंढी होती. लग्नात तिच्या बापानं तिला एक मेंढी दिली होती, तशी धनगरांत रीत आहे. त्या मेंढीच्या वंशातली ही शेवटची. बाकीचे एडके झाले, विकले गेले, मेले. दात झिजलेली ती म्हातारी त्या साली पुन्हा गाभण राहिली. धनगरीण तिला स्वतःच्या भाकरीतला तुकडा द्यायची. "हिला येक मेंढी व्हावी," ती मला म्हणाली, "मंग हिनं डोळं मिटलं तरी चालंल. न्हाय तर हिच्यासंगं माजं माहेर संपलं."

आश्विन लागला. नवरात्रात तुळजापूरला जायचं तिच्या मनात होतं. नवरा गेल्यापासून गेली नव्हती, कारण मेंढ्या व्यायचे दिवस नेमके तेच आणि कळप कुणावर टाकायचा? मी म्हणालो, मला तातील आहे, मी राखतो. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चालती मेंढरं दिराच्या कळपात घातली. व्यायला झालेल्या चार मेंढ्या, त्यांत ती म्हातारी, मेंढवाड्यात ठेवल्या आणि कुत्रं माझ्याजवळ ठेवलं. निघताना तेलाची डबी माझ्या हातात दिली.

"कोकरू पडलं की त्येच्या नाळंला ह्ये येक बोट लावायचं. नाळंवर माशी बसती. बाकी अंगाला हात लावू नगा. आईला चाटू द्या."

"बरं."

"येकच बोट."

"बरं म्हटलं ना, मावशी."

त्या दिवशी पहिल्यांदा मी कुंपणाच्या आत पाय ठेवला. मला इतका आनंद झाला की मी आतली जमीन हातानं झाडून काढली.

पहिल्या दिवशी दोन मेंढ्या व्याल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी, आणि उन्हं वर आल्यावर म्हातारी. म्हातारीला मेंढीच झाली. पांढरी, एका कानावर काळा ठिपका. मी टाळी वाजवली, एकटाच.

आश्विनातलं ऊन कडक, आणि ओल्या जमिनीवर माश्या उठलेल्या. कोकरांच्या ओल्या नाळेवर त्या घोंगावू लागल्या. मी डबी उघडली. एवढंसं तेल, आणि माश्या शेकड्यानं. त्याआधी मी एका गावात नाळेत किडे पडून मेलेलं कोकरू पाहिलं होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, मला तिला दाखवायचं होतं. ती आल्यावर चारी कोकरं स्वच्छ, एकावरही माशी नाही, आणि मी म्हणणार, बघा, मोरीत टाकायचं औषध. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी दवाखान्यातून फिनेल आणलं, पाण्यात कालवलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. त्यात फडकं बुडवून मी चारी कोकरांच्या नाळा पुसल्या, शेपट्या पुसल्या, आणि हात लागलाच आहे म्हणून पाठी-पोटंही पुसली.

माश्या गेल्या. अर्धा तास मी खूश होतो.

मग पहिलं कोकरू उठून आईच्या कासेकडे गेलं. आईनं मान खाली घालून त्याला हुंगलं, आणि डोक्यानं ढकलून दिलं. मला वाटलं, पहिलारू आहे, शिकेल. दुसऱ्या मेंढीनं तेच केलं. तिसरी मागे सरकत सरकत कुंपणाला लागली. म्हातारी व्याल्यापासून आपल्या कोकराला चाटत होती, मधूनमधून हलक्या आवाजात हाक मारत होती. तिनं त्याला हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत आपलं कोकरू शोधायला निघाली. ते तिच्या पायांत लुडबुडत होतं आणि ती त्याला ओलांडून सगळ्या मेंढवाड्यात त्याला हाका मारत फिरत होती.

तेव्हा मला कळलं. मेंढी कोकराला डोळ्यांनी ओळखत नाही. ती वासानं ओळखते, आणि त्यांचा वास मी पुसला होता. चारी कोकरांना आता माझा वास येत होता.

घाबरून मी आणखी एक चूक केली. चारी कोकरं साध्या पाण्यानं धुतली. फिनेल गेलं नाही, आईनं चाटून लावलेला उरलासुरला वास मात्र गेला. मग मी मेंढ्या धरून चीक काढला, फडक्याच्या वातीनं कोकरांच्या तोंडात घातला. थोडा आत गेला, बराच बाहेर आला. कोकरू कासेला लागलं आणि दूध आलं की त्याचं शेपूट थरथरतं, ही धनगरांची खूण. माझ्या वातीवर एकाचंही शेपूट हललं नाही. ती रात्र कशीबशी गेली. सकाळी, सगळ्यांत आधी जन्मलेलं कोकरू मेलेलं होतं.

ती तिसऱ्या दिवशी दुपारी आली. कपाळभर देवीचा अंगारा, गळ्यात नवी कवड्यांची माळ. कुंपणाशी येऊनच ती थांबली. तिला सांगावं लागलं नाही, वारा तिच्याकडेच होता.

"फिनेल?"

मी मान हलवली.

"किती कोकरांस्नी?"

"चारी."

"म्हातारीला काय झालं?"

"मेंढी."

ती कुंपणाच्या आत आली. मला वाटत होतं, तिनं ओरडावं, काठी घालावी. मेलेल्या कोकरावर तिनं पदर टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी भाईर व्हा. वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन बसा."

मी दगडावर जाऊन बसलो. या वेळी मला तो अपमान वाटला नाही, आणि वाटला असता तर बरं झालं असतं. ती खरं सांगत होती, पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होती. मेंढ्या वासानं बुजतात. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, कारण मला वाटत होतं की जगात जे काही होतं ते माझा अपमान करायलाच होतं.

तिथून मला ऐकू काही येत नव्हतं, दिसत होतं. तिनं मेंढ्या जिथं बसल्या होत्या तिथली ओली माती उचलून कोकरांच्या अंगाला चोळली. ज्या त्या आईचं दूध काढून त्या त्या कोकराच्या पाठीवर, शेपटाखाली माखलं. वर मीठ भुरभुरलं, कारण मिठासाठी मेंढी चाटते, आणि चाटता चाटता आपलं म्हणते. दिवस कलायला आला तेव्हा एक कोकरू खाली गुडघे टेकून कासेला लागलं. त्याचं शेपूट हललं. थोड्या वेळानं दुसरं. मी दगडावर बसून मोजत होतो, दोन. म्हातारीचं राहिलं.

म्हातारीनं मीठ चाटलं आणि कोकराला ढकललं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी सकाळी उजाडता जाऊन त्याच दगडावर बसलो. दवाखाना उघडला नाही. कोकराला धनगरीण वातीनं पाजत होती, पण ते आता उभं राहत नव्हतं, बसल्या बसल्या मान टाकत होतं. त्याच्यासंगं माहेर संपणार होतं, आणि ते मी संपवलं होतं.

दुपारी तिनं शेवटचा उपाय केला. कुत्र्याला बोलावून कुंपणाच्या आत घेतलं. एरवी व्यालेल्या मेंढ्यांत कुत्रं कुणी येऊ देत नाही. कोकरू मध्ये पडलेलं. कुत्रं चार पावलं त्याच्या रोखानं गेलं. म्हातारी मेंढी कोपऱ्यात होती. तिनं मान वर केली. पुढचा पाय जमिनीवर आपटला. कुत्रं आणखी एक पाऊल पुढे गेलं, आणि ती म्हातारी, दात झिजलेली, फाटक्या कानाची, धावत येऊन कोकराच्या आणि कुत्र्याच्या मध्ये उभी राहिली. धनगरणीनं चुटकी वाजवून कुत्र्याला मागे घेतलं. मेंढी तशीच उभी. मग तिनं मागे वळून खाली पडलेल्याला हुंगलं. तिनं पुन्हा हुंगलं, आणि चाटायला लागली.

धनगरणीनं कोकरू उचलून कासेखाली धरलं. लांबून मला शेपूट नीट दिसेना, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनंच हात वर करून बोट हलवून दाखवलं, शेपटासारखं.

मी रडलो. बावीस-तेवीस वर्षांचा सरकारी नोकर, भर माळावर, मोठ्यानं. ती येऊन दगडाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मग तिनं तुळजापूरचा प्रसाद आणि अर्धी भाकरी माझ्या पुढ्यात ठेवली.

"जेव," ती म्हणाली. "दोन दिस तू बी कुनाच्या कासंला लागला न्हाईस."

मी म्हणालो, "मावशी, एक मेलं माझ्यामुळे."

"मेलं," ती म्हणाली. "म्या न्हाय म्हनत न्हाय."

त्या दिवसापासून ती मला तू म्हणू लागली. त्या मुलखात दुसरं कुणी म्हणत नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं मी तिथं होतो. किड्यांवर आधी कात्री, कडेनं करंज-कापूर, आणि फिनेल फक्त पडवीच्या फरशीला, असं माझं शास्त्र झालं. धनगर थोडे थोडे यायला लागले. फरशीमुळे माझ्या अंगाचा वास काही गेला नाही. पाराची आणि दगडाची बैठक चालूच राहिली, पण दगडावर मी एकटा नसे. मग बदलीचा हुकूम आला, लांबच्या मोठ्या दवाखान्यात, कारकुनीच्या टेबलावर. निघताना मी सांगायला गेलो, तेव्हा ती मेंढ्या घेऊन रानात होती. मी दगडावर दुपारपर्यंत वाट पाहिली. मोटार चुकली असती म्हणून उठलो.

टेबलावर मला खुर्ची होती. कुणी माझ्याजवळून उठून जात नसे. साबणानं हात धुवायचे, शाईनं भरवायचे. लग्नही झालं. अव्वानं मागल्या दाराऐवजी पुढल्या दारानं घरात घेतलं. आणि तरी संध्याकाळी कचेरी सुटली, की माझं मन त्या दगडावर जाऊन बसायचं. माणसांनी जवळ बसू दिलं म्हणजे एकटेपण जातं, असं नाही. हे मला तिथं कळलं.

राज्य बदललं. दवाखान्याच्या पाट्या बदलल्या. त्याच सुमाराला औषधांचा साठा तपासायला मला त्या गावी पाठवलं. मी मोटारीतून उतरलो तो सरळ मेंढवाड्यावर गेलो. कुत्रं नवीन होतं, ते भुंकलं. ती कुंपणाशी बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कानानंही कमी झालेली. दिराचा लेक कळप राखतो, असं मला गावातच कळलं होतं.

"मावशी," मी वाकून मोठ्यानं म्हणालो. "मी आलोय. सलोत्री."

तिनं तोंड वर केलं. नाक थोडं पुढे केलं. मला बरोबर आठवतं, तिचा चेहरा काहीतरी शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं.

"न्हाय," ती म्हणाली. "त्यो फिनेलचा. तुमाला साबनाचा वास येतोय. कोन तुमी?"

म्हातारी मेंढी कोकराला ओलांडून त्यालाच शोधत फिरली होती, तशी ती मी समोर असताना मलाच शोधत होती. ज्या वासानं सगळी दारं मला बंद झाली, तोच धरून तिनं मला इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि मी तो धुवून आलो होतो. नाव सांगायचं तर तिनं ते कधी विचारलं नव्हतं.

मी उठलो. भर उन्हात पाव कोस चालत दवाखान्यात गेलो. नवा कंपौंडर साठ्याचं रजिस्टर घेऊन उभा राहिला. त्याला बाजूला सारून मी फिनेलचा डबा उघडला आणि कोपरापर्यंत हात पुसून घेतले. तो बघत राहिला. त्याला वाटलं असेल, तपासायची ही नवी तऱ्हा. तसाच परत चालत आलो.

कुंपणापासून वीस पावलांवर असताना तिनं मान वळवली.

"आलास व्हय?" ती म्हणाली, जसा काही मी कालच गेलो होतो. "हितं नगं येऊ. म्हातारीची ती काळ्या ठिपक्याची लेक, आज सकाळीच व्यालीय. वाऱ्याच्या खालच्या अंगाला बस. मी येते तकडं."

मी माझ्या दगडावर जाऊन बसलो आणि तिच्यासाठी दुसरं टोक मोकळं ठेवलं.